दोन हजार बाइटची जागा

आमच्या चाकणच्या कारखान्यातलं ते काळं कॉम्प्युटर मशीन बंद पडलेलं मी कधी पाहिलं नाही. दोन प्लँट मॅनेजर बंद पडले, एकदा अख्खी एमआयडीसी बंद पडली. हे आपलं घुंऽऽ करत चालूच. त्याचे प्रोग्रॅम माझे, म्हणून तिसऱ्या मॅनेजरच्या डोळ्यांत आम्ही दोघंही खुपायचो. "हा डबा आणि डब्याचा पुजारी, एकाच टेम्पोत भंगारात घालतो," हे त्याचं गुड मॉर्निंग.

एका सोमवारी त्याला आयती संधी मिळाली. आमचे ब्रेकचे पार्ट घेणाऱ्या गाडी कंपनीचा कॉम्प्युटर आमच्या मशीनशी बोलण्याआधी ओळखपत्र दाखवतो; सुरक्षा सर्टिफिकेट. ते त्यांनी रविवारी बदललं आणि आमचं मशीन म्हणू लागलं, हे खोटं आहे, मी नाही बोलत. माल निघाल्याचा संदेश गेल्याशिवाय पलीकडच्याच रस्त्यावरचं त्यांचं गेट उघडत नाही. आमच्या दारात भरलेले टेम्पो, आणि एक वाजता तिकडची लाइन थांबणार.

डिस्पॅचचे मुकादम इथल्याच गावचे. त्यांचा आवाज असा, की कुजबुजले तरी थेरगावात ऐकू जावं. "भाऊ, डायवर शिव्या द्यायला लागल्यात. बोलतंय का न्हाई तुमचं मशीन?"

"रुसलंय."

"मग मनवा की राव! आमी काय टेम्पोत बसून पत्ते खेळायचे व्हय?"

तेवढ्यात मॅनेजर एका कन्सल्टंटला घेऊन आला. त्या पोराने एवढा सेंट मारला होता, की धुराचा अलार्म वाजायचा तेवढा बाकी. "सर, जुनी सिस्टीम आहे. नवीन सर्टिफिकेट हिला झेपणारच नाही."

मॅनेजर माझ्याकडे वळला. "एक वाजेपर्यंत वेळ. नाही झालं तर उद्यापासून हे पण नको, तुम्ही पण नको."

दोघांच्या सात पिढ्यांचा मनातल्या मनात उद्धार करत मी प्रोग्रॅम उघडला. सर्टिफिकेट ठेवायला दोन हजार बाइटची जागा दिलेली, आणि नवं अडीच हजारांच्या पुढचं. शेपूट कापलं जात होतं, आणि शेपूट तुटलेलं सर्टिफिकेट मशीनने खोटं म्हटलं तर चुकलं कुठे? या मशीनवर प्रत्येक ओळीच्या कडेला ती कधी लिहिली ती तारीख असते. तारीख माझ्याच काळातली. आमच्या पिढीची ही खोडच: जागा आधी आपणच मापून द्यायची, तीही शिंप्याने कापड चोरल्यासारखी.

आता रीतीने केलं. आधी मशीनलाच विचारायचं, किती जागा लागेल? ते आकडा सांगतं. तेवढीच मेमरी मागायची, सर्टिफिकेट पूर्ण उतरवायचं, काम झालं की जागा परत. पाऊण वाजता संदेश गेला. टेम्पो असे सुटले, की गेटवरच्या कुत्र्याला भुंकायलाही सवड मिळाली नाही.

मॅनेजरचं तोंड मात्र आंबलेलंच. आमच्याकडे काही बिघडलं की व्हाय-व्हायचा फॉर्म भरतात: पाच वेळा 'का' विचारायचं, पाचव्याला मूळ कारण. प्रत गाडी कंपनीला जाते. फॉर्म माझ्यापुढे आपटून तो म्हणाला, "पाचव्या 'का'ला मशीन लिहा. जुनं आहे म्हणून. तुम्ही सुटलात."

मी सुटलो, पण मशीन भंगारात. आणि बदललेल्या ओळीवर आता आजची तारीख. माझी चूक पकडणारं कुणी नव्हतं. कन्सल्टंट गालात हसत होता.

मी पाचव्या ओळीत लिहिलं: प्रोग्रॅमरने जागा विचारली नाही, अंदाजाने ठरवली. खाली स्वतःचं नाव.

"म्हणजे चूक तुमची!" मॅनेजरला लॉटरी लागली.

"माझीच. मशीन निर्दोष." मग मी पुढचे रकाने भरले. यापुढे प्रत्येक सर्टिफिकेट तपासण्याची जबाबदारी: पुन्हा माझं नाव. मुदत: मशीन चालू असेपर्यंत. हा रकाना एकदा गाडी कंपनीकडे गेला, की त्यांना विचारल्याशिवाय त्यातलं नाव बदलता येत नाही, आणि मशीनही.

मॅनेजरने तो दोनदा वाचला. गाडी कंपनीचा क्वालिटीवाला फोनवर फॉर्मसाठी खोळंबला होता. "फार शहाणे आहात," दातओठ खात मॅनेजर म्हणाला, आणि त्याने सही केली. कागद फाटेल इतकी दाबून.