उताणं चालणारं पेन

पेन कसं असावं यावर लोक तासभर बोलू शकतात. हातात बसावं, अक्षर झरझर उतरावं, कागदावर शाई गाळू नये. माझी अट एकच होती. ते उताणं चालावं. दोन हजार सालानंतरच्या एका पावसाळ्यात या एका अटीपायी मी कोल्हापुरातली झाडून सगळी स्टेशनरीची दुकानं पालथी घातली.

सासऱ्यांना मी मामा म्हणायचे. तंबाखूनं त्यांचा घसा खाल्ला आणि डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढून टाकलं. तोवर त्यांनी घरात 'चहा' म्हटलं की बोळाच्या तोंडाशी ऐकू जायचं. आवाज गेला तरी लिहून दाखवत होते, निभत होतं. मग न्हाणीत घसरले, खुबा मोडला आणि पाठीवर निजून राहायची पाळी आली. कूस बदलायलाही बंदी. आता बोलायचं म्हणजे परीक्षेचं पॅड तोंडावर धरायचं आणि खालून वर लिहायचं.

बॉलपेन असं उलटं धरलं की चार अक्षरांत मान टाकतं. रिफिलीत मागून फुंकर मारून बघितली, हातावर चोळून बघितली. त्यात मामांची सवय. साखर कारखान्याच्या कचेरीत हयात गेलेली, त्यामुळे कागदाच्या माथ्यावर 'श्री' काढल्याशिवाय खाली काही लिहायचं नाही. दूधवाल्याच्या चिठ्ठीवरसुद्धा श्री. पेनात उतरायची तेवढी शाई त्या श्रीतच खपायची आणि खाली नुसते ओरखडे उठायचे. मी पॅड खिडकीशी नेऊन उजेडात तिरकं धरायचे आणि ओरखडे वाचायचे.

एकदा मी वैतागून म्हणाले, "मामा, श्री राहू दे ना. तुम्ही निजून आहात हे देवाला दिसतंय."

त्यांनी असं काही बघितलं की मी मुकाट्यानं दुसरं पेन आणून दिलं. त्यानंही श्री तेवढं निघालं. पाणी हवंय हे मला ओरखड्यांवरूनच कळलं.

शिसपेन्सिल उलटी चालते, हे मलाही ठाऊक होतं. ती दिली तर त्यांनी भिंतीवर भिरकावली. मग ओरखडून लिहिलं, 'खोडता येतं ते काय बोलनं हाय?'

नवरा इचलकरंजीत नोकरीला, पाळ्या बदलत्या. माझी सकाळची शाळा. दुपारी घरी आलं की भांडं द्यायचं, अंग पुसायचं, भरवायचं आणि ओरखडे वाचायचे. भेटायला येणारे निराळेच. ज्याला बोलता येत नाही त्याला ऐकूही येत नाही, असा त्यांचा समज. गगनबावड्याहून मामांचे चुलतभाऊ आले, ते खाटेशी उभं राहून ओरडले, "बरं हाय न्हवं?" मामांनी श्री काढून काहीतरी ओरखडलं. त्यांनी ते वाचलं, मामांच्या हातातून पेन घेतलं आणि खाली 'आमी बी बरं हाय' असं लिहून दिलं.

"अहो, त्यांचे कान शाबूत आहेत," मी म्हणाले.

"व्हय की! इसरलोच," असं म्हणत पाहुण्यांनी पेन आपल्या खिशाला लावलं आणि ते घेऊनच गेले. त्यातल्या त्यात बरं चालणारं तेवढं एकच पेन होतं.

पापाची तिकटीजवळच्या एका दुकानात मी डोक्यावर कागद धरून पेनं तपासत होते. दुकानदार बराच वेळ बघत राहिला.

"वैनी, छताला लिवायचं हाय काय?"

"निजून लिहायचंय."

"निजून? हितं जागं ऱ्हाऊन लिवनारं गिऱ्हाईक मिळंना आमाला!"

एरवी मला हसू आलं असतं. त्या दिवशी डोळे भरून आले आणि मी तशीच बाहेर पडले.

शेवटी पेन सापडलं ते शाळेत. भिंतीवर आधीच डकवलेल्या तक्त्यावर मी स्केचपेननं पाढे लिहीत होते. वरच्या ओळीसाठी हात उंचावला, पेनाचं टोक आभाळाकडे झालं, तरी अक्षर ठसठशीत उमटत होतं. मी तशीच थांबले. इतके दिवस मी बारीक, गुळगुळीत, महागाचं पेन शोधत होते. काळं स्केचपेन पर्समध्ये टाकून घरी आणलं.

मामांनी श्री काढलं. थांबले. मग त्याखाली पॅडभर लिहिलं, 'च हा'. अक्षरं एवढी जाड की स्वयंपाकघराच्या दारातून वाचता यावीत. त्यांचा आवाज परत आला होता, अगदी पहिल्यासारखा मोठा. मला आनंद झाला, आणि खरं सांगायचं तर धास्तीही वाटली. आता ओरखडे समजले नाहीत असं म्हणायची सोय उरली नव्हती. श्री, भात गार हाय. श्री, पंखा बंद कर. श्री, रेडिओ कुठं गेला? वीस वर्षं ऐकत आलेले हुकूम आता काळ्या जाड अक्षरांत येऊ लागले.

एका दुपारी त्यांना भरवून झालं आणि मला खाटेशेजारच्या खुर्चीतच डुलकी लागली. पॅड खाटेच्या दांडीवर दणदण आपटल्याचा आवाज आला. मी धडपडून उठले.

"आता काय पाहिजे?" माझा आवाज चांगलाच चढला होता.

त्यांनी पॅड माझ्याकडे वळवलं. 'पड की जरा.' एवढंच होतं. वरची जागा कोरी होती.

स्केचपेन वाळत आलं असेल, श्री उमटलं नसेल, असं वाटून मी सवयीनं पॅड खिडकीशी नेलं आणि उजेडात तिरकं धरलं. ओरखडा नव्हता. त्यांनी श्री काढलंच नव्हतं.

मी त्यांच्याकडे पाठ करून थोडा वेळ रडले. मग खाटेला लागून सतरंजी टाकली आणि पडले.