शून्याच्या ओळीतल्या बाई

ओपीडीच्या बाकावर एक बाई संत्रं सोलत होत्या, साल जराही तुटू न देता. मांडीवरच्या फाइलचा क्रमांक ओळखीचा होता. माझ्या पीएचडीच्या तक्त्यात कर्करोगाचे जे रुग्ण आहेत, त्यांतल्याच त्या एक.

आमच्या जीवसांख्यिकीत मृत्यूला ‘घटना’ म्हणतात. माणूस गेला की त्याच्या ओळीत एक लिहायचा, तोवर शून्य. बाईंच्या ओळीत शून्य आहे.

कालच माझ्या मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, “घटना कमी पडताहेत गं. एवढ्यावर निष्कर्ष निघायचा नाही. वाट बघावी लागेल.” मीही वैतागून मान डोलावली. कशाची वाट, हे दोघींपैकी कुणीच बोललं नाही. शून्याचा एक तर सगळ्यांचाच व्हायचा आहे, माझाही. मला फक्त तो प्रबंधाच्या मुदतीआधी हवा होता.

बाईंनी अर्धं संत्रं माझ्यापुढे धरलं. “घ्या. शिकताय वाटतं?”

“हो. शेवटचं वर्ष आहे. जरा अडलंय.”

“होईल हो तुमच्या मनासारखं,” त्या म्हणाल्या.

मी एक फोड तोंडात टाकली. गोड होती.