पाया पडणाऱ्यांच्या ओळीतला भैरव

"कोनाचा होय रे तू?"

बाबा ओरडले. मंचावर माझी ताई डोळे मिटून भैरवाचा आलाप घेत होती. खालच्या षड्जावर ती नुकती कुठे टेकली होती, तेवढ्यात बाबांचा आवाज तिच्या सुरावरून घरंगळत पार शाळेच्या फाटकापर्यंत गेला.

"मी जी, तलावाकडच्या घरचा. लहाना."

"लहाना? मिशा आल्या बे तुले! बाप काहून नाही आला?"

"आला ना जी. मांगं ओळीत उभा आहे."

"मंग ठीक. सुखी राह्य. पुढचा कोन?"

पुढचा वाकला. त्याच्या मागचा चपला काढून तयार होता. ओळ केवढी होती म्हणाल, तर तिचं तोंड आमच्या बाबांच्या पायाशी आणि शेपूट दिघोरीच्या रस्त्यावर. लाखांदूरची एसटी तिच्यामुळे अडली. कंडक्टरनं उतरून विचारलं, "कायची ओळ आहे?" कोणालाच नीट सांगता येईना, म्हणून तोही उभा राहिला. ओळ दिसली की आधी उभं राहायचं, कारण नंतर विचारायचं, ही आपली जुनी शिस्त. तोवर ताईनं बंदिश धरली होती. ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न वाजवला, दोन्ही वेळा बरोबर समेवर. त्या सकाळी तालाशी संबंध ठेवून असलेला श्रोता तो एकटाच.

हा घोळ घातला कोणी, तर मीच. शहरात म्हणे दिवाळी पहाट असते. भंडाऱ्यातही आता होते. मग आमच्या गावानं काय कोणाचं घोडं मारलं? पाडव्याच्या सकाळी शाळेच्या पटांगणात मंच बांधला, सतरंज्या टाकल्या, पाटीवर लिहिलं 'पहाटे साडेपाच'. साडेपाचला मी, मंडपवाला आणि एक कुत्रं असे तिघं हजर होतो. गाणं सुरू झालं सात वाजता. पहाटेला आमच्या गावात एवढी मुभा आहे.

पण पहाट हे निमित्त. खरी गोष्ट ताईची होती. ती आठवीत असताना शाळेनं तिला भंडाऱ्याच्या गाण्याच्या स्पर्धेसाठी निवडलं. नेमका रोवणा, म्हणजे धानाची लावणी, चालू होता. बाबा म्हणाले, "तू तेथं गाऊन येशीन, तवरक इथं रोवना कोन करन?" ताई बांधीच्या चिखलात उतरली. लग्न होऊन भंडाऱ्याला गेली, पोरं मोठी केली आणि गुडघे कुरकुरायच्या वयात एका गुरुजींसमोर पेटी घेऊन बसली. बारा वर्षं शिकली. तिकडे चार ठिकाणी गायली, लोकांनी टाळ्या दिल्या. टाळ्यांचं तिला काही नव्हतं. ती मला एकच सांगायची, "बाबानं माह्यं एक गानं बसून आयकावं. सुरूपासून आखरीपर्यंत. बस्स, एक."

बाबा पंच्याऐंशीचे. मोतीबिंदूनं डोळ्यांवर साय आलेली, पण कान असे, की गोसीखुर्द धरणाचं दार उघडलं तर हे ओसरीवर बसून म्हणतात, "पानी सोडलं वाटते." म्हणजे ऐकायला अडचण काहीच नव्हती. म्हणून मी त्यांना पहिल्या रांगेत मधोमध खुर्ची दिली. सोबतीला गावातले आणखी चार म्हातारे बसवले. शोभा यावी म्हणून पाचही जणांच्या गळ्यात झेंडूचे हार घातले.

इथंच मी माती खाल्ली.

पाडव्याला आमच्याकडे गावातल्या प्रत्येक वडीलधाऱ्याच्या पाया पडावं लागतं. पडल्याशिवाय गायगोधन, म्हणजे रंगवलेल्या गाई सोडतात तो सोहळा, बघायला जायचं नाही. गल्लीगल्लीनं फिरायचं, घरोघर वाकायचं, घरोघर चिवडा खायचा. वाकून कंबर जाते आणि खाऊन पोट, अर्धा दिवस त्यातच जातो. आणि इथं तर गावचे पाच थोर म्हातारे हार घालून, पाय पुढे करून, एका ओळीत बसलेले! लोकांना वाटलं, गावानं या वर्षी सोय केली. माझं कौतुकच झालं. "भाऊ, मस्त काम केलं," असं म्हणून जो तो मंचाकडे पाठ करून वाकू लागला.

बरं, बाकीचे चार म्हातारे डोक्यावर हात ठेवून मोकळे होत. आमचे बाबा तसे नव्हेत. माणूस कोणाचा, धान कापला की उभा, काकूचा गुडघा कसा आहे, एवढं कळल्याशिवाय त्यांच्या तोंडून आशीर्वाद निघत नाही. मी जवळ जाऊन कानात म्हटलं, "बाबा, ताई गाऊन राहिली. आयका ना जरा."

"आयकूनच राहिलो," बाबा म्हणाले. "तू मधात बोलू नको. पुढचा कोन?"

मग मी स्वतः ओळीसमोर आडवा उभा राहिलो. पहिला गडी क्षणभर थांबला. म्हणाला, "तुमी बी आता मोठेच झाले भाऊ," आणि माझ्याच पाया पडला. त्याच्या मागचाही पडला. खोटं कशाला बोलू, पाच-पंचवीस जणांना मी आशीर्वाद दिले. हात एकदा वर गेला की लवकर खाली येत नाही.

भंडाऱ्याहून एक रसिक आले होते. रेशमी कुर्ता, खांद्यावर शाल, मांडीवर हात तालासाठी तयार. मला वाटलं, एक तरी माणूस ऐकतो आहे. पण या गृहस्थांची दाद ताईच्या सुराआधी पोचायची. ती रिषभाकडे निघाली रे निघाली की हे "आहाहाहा!" करून कळवळत. मध्येच उठून गावाला म्हणाले, "शांतता! अहो, शांतता म्हणजे काय, कळतं का तुम्हाला?" आणि शांतता म्हणजे काय, हे त्यांनी चांगलं पाच मिनिटं मोठ्यानं समजावलं.

माझ्या मागे बसलेली एक आजी म्हणाली, "या मानसाच्या पोटात दुखते का वो? केव्हाचा कन्हून राहिला."

"ओवा द्या यायले कोनी," दुसरी म्हणाली. आणि खरंच, कोणाच्या तरी कमरेच्या चंचीतून ओवा निघाला आणि हातोहात रसिकांपर्यंत पोचला.

मग माझी सहनशक्ती संपली. मी मंचावर चढलो आणि ताईच्या पुढचा माईक उचलला. ती तानेत होती. तिनं डोळे उघडून माझ्याकडे असं पाहिलं, की तिथला तबला फुटायला हवा होता. मी म्हटलं, "मंडळी, पाया पडायचं काम गाणं झाल्यावर!"

"गानं झाल्यावर गाई सुटतेत ना भाऊ! मंग केव्हा पडाचं?" ओळीतून आवाज आला.

"बायाइची ओळ वेगळी करा!" दुसरा आवाज आला. या सूचनेला सकाळच्या सगळ्यात मोठ्या टाळ्या पडल्या. आणि माझ्या हातात माईक असल्यामुळे मी मंडपवाल्याचे, वीजवाल्याचे आणि चहावालीचे आभारही मानून टाकले. खाली उतरलो तेव्हा दोन ओळी झाल्या होत्या.

पटांगणाच्या कडेला गायगोधनासाठी रंगवून ठेवलेल्या गाई होत्या. कान सोडून, रवंथ करत, एका जागी बसून त्या गाणं ऐकत होत्या. एकीनंही फोन काढला नाही.

ताई मात्र गात राहिली. तिनं काही गाळलं नाही, घाई केली नाही. आणि द्रुत बंदिशीत एक चमत्कार झाला. एसटी सुटायची म्हणून कंडक्टर पळाला, त्याच्या मागचे काही प्रवासी पळाले आणि ओळीत मोठी फट पडली. बाबांच्या पायाशी कोणी नाही. त्यांनी मान उचलली. मंचाकडे वळवली. हातातली काठी मांडीवर आडवी ठेवली. ताईनं ते पाहिलं. ती वरच्या षड्जाकडे निघाली, एकेक पायरी, आणि बाबा कान देऊन बसलेले. सूर लागला, असा लागला की शाळेची कौलं...

"क्या बात है!"

रसिक उठले. डोळे पुसत धावत आले आणि बाबांच्या पायांवर पडले. "धन्य आहात तुम्ही! अशी लेक पोटी आली!"

बाबांनी मान खाली वळवली. "कोनाचा होय तू?"

"मी भंडाऱ्याचा."

"भंडाऱ्यात कोनाचा?"

रसिकांनी वडिलांचं नाव सांगितलं, मग आजोबांचं, मग आईकडचं गाव. दोघंही उत्साहात आले. शोधत शोधत अखेर आमच्या आत्याच्या जावेकडून नातं सापडलं. बाबांनी आनंदानं त्यांची पाठ थोपटली, तेव्हा तबला गवसणीत गेला होता.

दुपारी घरी जेवणं झाली. बाबा खाटेवर टेकले, ताई खाली पाट घेऊन बसली. तिच्या केसांत अजून सकाळचा गजरा होता. बराच वेळ ती त्यांच्या काठीशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, "बाबा, आयकू आलं ना?"

"नाही," बाबा म्हणाले. "तू गाऊन राहिली होती ना, कोनाचं नावच धड आयकू नाही आलं."