पाठमोरा नवरदेव

आमच्या भाच्याचं, मयूरचं, लग्न वेळेवर लागलं. फक्त तो मांडवात पाठमोरा आला.

जळगावात मी ठिबक सिंचनाच्या नळ्या विकतो, पण जीव जुन्या मोटारींत अडकलेला. शंभरीला टेकलेली एक अमेरिकन मोटार माझ्या घरी आहे. (बायको तिला माझी पहिली बायको म्हणते.) मयूर घोड्याला भितो. मग मीच अक्काला, म्हणजे त्याच्या आईला, म्हटलं, "सावद्याला, नवरीच्या गावी, वरात माझ्या मोटारीतून काढू!"

"चालेल ना रे नीट?"

"अक्का, या गाडीनं अख्ख्या जगाला मोटार चालवायला शिकवलं!"

"जगाचं राहू दे. मंगल कार्यालयापर्यंत जाईल का, ते सांग."

वरात मारुतीच्या देवळापासून निघाली. पुढे बँड, मागे आमची मोटार. मी स्टिअरिंगवर, शेजारी मुंडावळ्या बांधलेला मयूर. त्याचा जीव रमावा म्हणून मी मोटारीच्या जन्माची कथा काढली. "जगातल्या पहिल्या मोटारीतून लांबचा प्रवास केला तो ती बनवणाऱ्या जर्मन कारखानदाराच्या बायकोनं. तोही नवऱ्याला न विचारता! वाटेत इंधन संपलं, तर तिनं सरळ औषधाच्या दुकानातून डाग काढायचं रसायन घेतलं, टाकीत ओतलं आणि..."

"मामा," मयूर म्हणाला, "गाडी थांबली."

मंगल कार्यालयाच्या ऐन चढावर! दुखणं मला लगेच कळलं. या गाडीची टाकी सीटखाली. पंप नाही, पेट्रोल आपलं उतारानं इंजिनात जातं. चढावर इंजिन वर, पेट्रोल खाली. त्यात टाकी मी अर्धीसुद्धा भरली नव्हती!

"मामा, ढकलू या ना!"

"इतिहासाला ढकलत नसतात! त्या काळी लोक असा चढ रिव्हर्समध्ये चढायचे, म्हणजे टाकी वर राहते."

वऱ्हाड्यांनी गाडी उलटी फिरवली. इंजिन खोकलं, सुरू झालं, आणि आम्ही पाठीमागून चढायला लागलो. बँडवाला धावत आला. "साहेब, आता पुढं म्हणजे कुठं?" मी मान वळवून मागचा रस्ता बघत होतो. अर्धा बँड बॉनेटकडे गेला, अर्धा डिकीकडे. दोघांनी वेगवेगळी गाणी धरली.

वर दारात नवरीचे वडील, केळीचे व्यापारी नाना, ओवाळणीचं ताट घेतलेल्या बायकांसोबत उभे. त्यांना दिसली नवरदेवाची पाठ आणि गावाकडे तोंड केलेली गाडी. नाना अनवाणी धावले.

"जावईबापू! कायले चालले परत? आमचं काय चुकलं?"

धावता धावता त्यांच्या ध्यानात आलं, की पळून जाणारी गाडी आपल्याच अंगावर येते आहे! त्यांनी बाजूला उडी मारली ती थेट दारात बांधलेल्या केळीच्या खांबांवर. खांब आडवे, नाना पानांत. मी कचकन ब्रेक दाबला. दोन्ही बँड एकदम गप्प. नवरीची आई रडायलाच लागली. अक्का माझ्याकडे बघत होती; त्या नजरेपेक्षा गाडीखाली गेलेलं परवडलं असतं.

तेवढ्यात नवरी, पूनम, शालू सावरत बाहेर आली.

"मयूर, परत चाललास की आलास?"

"आलो!"

"मग उतर खाली. मुहूर्त चाललाय."

उतरला. लग्न लागलं. वरण-बट्टीच्या पंगतीत मी नानांना टाकी, चढ, इंजिन सगळं बोटानं वरणावर आखून समजावलं. नानांनी पागोट्यातलं केळीचं पान काढत शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पाहुणे, बट्टी गार होते."

परवा पूनमच्या धाकट्या बहिणीची लग्नपत्रिका आली. खाली छापलं होतं, 'कृपया आहेर आणू नये.' नानांनी ते पेनानं खोडलं होतं आणि शेजारी लिहिलं होतं : 'आहेर चालेल. गाडी आणू नये.'