माडीवरची भिंत कुणी पुसली

आमच्या नागपूरकडच्या मराठीत ‘पुसणे’ म्हणजे विचारणेही आणि फडक्याने साफ करणेही. या एका शब्दाच्या आड मी सगळं आयुष्य लपलो.

भिलाईचा कारखाना उभा राहत होता, तेव्हा मी मोजणीच्या कचेरीत कारकून होतो. अहिवाऱ्याच्या वाटेवर, कारखान्यासाठी उठवायच्या एका गावात, तीन मजली दगडी माडी होती. पेंढाऱ्यांच्या धास्तीने बांधलेली. खाली वाकून शिरायचं दार, वर भोकांएवढ्या खिडक्या. पुढे मालगुजाराने, म्हणजे गावच्या जमीनदाराने, तिथे एक कवी ठेवून घेतला. त्याने वरच्या खोलीच्या भिंतींवर कोळशाने कविता लिहिल्या, गेरूने पक्षी काढले. आता तिथे मालगुजाराची म्हातारी सून एकटी राहायची. गाव तिला दाई, म्हणजे आई, म्हणे.

साहेब पुण्याचे. रशियन पाहुण्यांना ती खोली दाखवायची, म्हणून आदल्या दिवशी त्यांनी मला पुढे पाठवलं. सोबत भंडाऱ्याकडचा एक मजूर. दाईला वाचता येत नव्हतं. तिच्या सांगण्यावरून मी कंदील धरून भिंत मोठ्याने वाचली. ऐकताना तिचे ओठ हलत होते. मग तिच्या छत्तीसगढीत म्हणाली, “एला झन छुबे, बेटा.” हात लावू नकोस.

पण चुलीच्या धुराने भिंत मेणचट काळी झाली होती. साहेब काय म्हणतील, एवढंच माझ्या डोक्यात. निघताना मजुराला म्हणालो, “वरचं पुसून घे.”

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांसोबत वर चढलो, तर भिंत ओली. काळं-तांबडं पाणी जमिनीवर उतरलेलं. एकही अक्षर नाही.

“हे कुणी केलं?” साहेबांनी विचारलं.

“बाबूजीनं पुसाले सांगतलं,” मजूर म्हणाला.

“अबे, दाईले पुस म्हटलं होतं मी. भिंतीले कावून पुसलं?” मी त्याच्यावर ओरडलो.

साहेब हसले. “तुमच्याकडे म्हणजे प्रश्नालाही फडकं लागतं.” पाहुण्यांना समजावून सांगितलं, तेही हसले. कामावर त्या मजुराचं नावच ‘पुसणारा’ पडलं.

दाई हसली नाही. ओल्या भिंतीवरून बोट फिरवत म्हणू लागली, “तरिया म चंदा बूड़गे...” तळ्यात चंद्र बुडाला. तिथेच अडली आणि माझ्याकडे वळली. “आगू का लिखाय रिहिस, बेटा?”

पुढे काय लिहिलं होतं, हे सांगू शकणारा मीच होतो. मला आठवेना.

माडी गेली, दाई गेली. तरी भर दुपारी घरात एकटा असलो की भिंतीवरून ओलं बोट सरकल्यासारखं ऐकू येतं. मग ते थांबतं. वाट पाहतं.

मी भिंतच पुसायला सांगितली होती. गेल्या महिन्यात भिलाईतल्या रिसालीला त्या मजुराच्या घरी जाऊन त्यालाही हे सांगितलं.

“मले मालूम हाये, बाबूजी. फडकं तुमीच देल्लं होतं.” चहा आला, त्याने कप माझ्यापुढे सरकवला. मग म्हणाला, “ते पुढची ओळ आठवली काय?”

“नाही.”

“पुसताना पाह्यली होती मी ते. पन मले तवा वाचता येत नोतं,” तो म्हणाला.