चौथा लागला

दवाखान्याच्या काउंटरवरचं पेन कुणी पळवू नये म्हणून त्याच्या शेपटाला प्लास्टिकचं फूल चिकटवतात, हे मी अमेरिकेतच पाहिलं. पिवळं, धूळ बसलेलं, दिवसभर घामट हातांत फिरणारं सूर्यफूल. ते पेन धरून मी फॉर्मवर ‘इन्शुरन्स’ या शब्दापुढे ‘नाही’ असं लिहिलं. त्या फुलाची मला आजही किळस येते.

काचेपलीकडच्या बाईने आधी काँग्रॅच्युलेशन्स म्हटलं होतं. फॉर्म वाचल्यावर तिचं हसू होतं तसंच राहिलं, डोळे मात्र कॉम्प्युटरकडे गेले. तितक्याच गोड आवाजात ती म्हणाली, इन्शुरन्स नसेल तर आम्ही नवे पेशंट घेत नाही. मी म्हटलं, बाई, मी नवी नाही. दीड वर्षापूर्वी याच भिंतीमागच्या खोलीत माझं पहिलं बाळ गेलं, पाचव्या महिन्यात. डॉक्टरीणबाईंनी माझा हात हातात घेऊन सांगितलं होतं की तुझ्या गर्भपिशवीचं तोंड वेळेआधी उघडतं, पुढच्या वेळी चौदा आठवड्यांच्या आत माझ्याकडे ये, आपण टाका घालू. पिशवीचं तोंड नाडीने बांधावं तसा टाका. त्यानंतर बहुतेक बायकांचं सगळं नीट पार पडतं, असंही त्या म्हणाल्या होत्या. मी ते सगळं काचेतून परत सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, म्हणजे इन्शुरन्स बदललाय का? अहो, बदललेला नाही, नाहीच आहे. मग तिने माझ्याकडून पेन परत मागून घेतलं.

इन्शुरन्स का नव्हता, याचं उत्तर देऊन देऊन माझी जीभ झिजली. मी इथे एम.एस. करायला आले. शिकताना लग्न केलं. डिग्री संपली त्याच महिन्यात विद्यार्थ्यांचा इन्शुरन्स संपला. नवरा इथेच जन्मलेला, नागरिक, त्यामुळे सांगलीत सगळ्यांना वाटायचं की माझं ग्रीन कार्ड हारासोबतच गळ्यात पडलं असणार. फाइल सरकारदरबारी पडून होती. नवरा जवळच चँडलरला कॉम्प्युटरच्या चिप बनवणाऱ्या प्लांटमध्ये कॉन्ट्रॅक्टवर. त्याच्या इन्शुरन्समध्ये माझं नाव घालायला माझा संपल्यापासून तीस दिवस होते, आणि नाव घालायला माझा सोशल सिक्युरिटी नंबर हवा होता. मी कॅम्पसवर कधी नोकरी केली नव्हती, म्हणून नंबर नव्हता. तो येईपर्यंत तीस दिवस उलटले. ऑफिसातल्या माणसाने ईमेलच्या शेवटी एक हसरा चेहरा टाकून कळवलं की आता जानेवारीत. जानेवारीत! पोट काय जानेवारीपर्यंत थांबणार होतं?

मग इथल्या मराठी मंडळाचा गणपती आला. शाळेच्या हॉलमध्ये आरती झाली, आणि एका काकांनी नवऱ्याकडून सगळं काढून घेतलं. तीन महिने कुणाला सांगायचं नसतं, हे त्याला कोण शिकवणार? काका रिटायर्ड, घराचं कर्ज फिटलेलं, मुलं डॉक्टर. हातातल्या मोदकाचं तूप बोटांवरून मनगटाकडे ओघळत होतं आणि ते मला बजावत होते की फुकटच्या दवाखान्यात पाऊलही टाकू नका, फाइलवर डाग बसतो, कार्ड अडकतं. काकू बाजूला डबा भरत म्हणाल्या, आमच्या वेळी कुठे होते गं हे टाके नि बिके, सगळं देवावर. दोघं गाडीत बसून आपल्या पाच बेडरूमच्या घरी गेले. आणि मी मूर्ख, मी दोन आठवडे त्यांचं ऐकलं! पुढे वकिलाने सांगितलं की असल्या दवाखान्यात जाण्याने माझ्या फाइलला काहीही होत नव्हतं. मी अजून त्या काकांना वाकून नमस्कार करते, आणि वाकताना मनात जे म्हणते ते इथे लिहिता येणार नाही.

शेवटी एका सकाळी ओकाऱ्या आटोपून, तोंड धुऊन मी भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर उभी राहिले. पाळीच्या तारखेपासून बोटं मोजली. नवरा बूट घालत होता. मी म्हटलं, “चौथा लागला आज. आता कुणाचं ऐकायचं नाही. त्या चॅरिटीवाल्या क्लिनिकला फोन कर, टाक्याचं सांग, लगेच सांग.” मी स्वतः का नाही केला फोन? कारण तोंड उघडलं की पोटातलं वर येत होतं. आणि कारण माझ्या इंग्रजीला पलीकडची माणसं दोनदा ‘सॉरी?’ म्हणतात, त्याच्या इंग्रजीला एकदाही नाही.

त्याने गाडीतून फोन केला. पाऊण तास होल्डवरचं ते पाण्यासारखं पातळ म्युझिक ऐकलं म्हणे. संध्याकाळी घरी येऊन त्याने तारीख सांगितली ती साडेचार आठवड्यांनंतरची. माझ्या हातात लाटणं होतं, ते मी सिंकमध्ये आपटलं. चौदा आठवडे तर सहा दिवसांत भरत होते. मी विचारलं, टाक्याचं सांगितलंस का? हो म्हणाला. लिहून घेतलं त्यांनी? हो म्हणाला. मग ही तारीख कशी? त्याने खांदे उडवले आणि पोळीचं पीठ उगाच परातीत गोळा करत बसला. तो माझ्याशी भांडत नाही. गप्प बसतो, आणि त्याचं गप्प बसणं मला नेहमीचंच वाटलं.

मग मी रोज सकाळी आठला फोन करायला लागले. कुणी कॅन्सल केलं असेल, कुठे फट असेल. रोज वेगळी बाई, आवाज एकच. मी म्हणायचे, फोर्टीन वीक्स, स्टिच, माझं आधीचं गेलंय. तिकडून चटचट बटणं वाजायची आणि उत्तर यायचं की मॅम, तुमची अपॉइंटमेंट तुमच्या स्टेजप्रमाणे बरोबर आहे, बाकी डॉक्टर बोलतील. स्टेज! जशी काही मी नाटकात काम करायला निघाले होते. मी इमर्जन्सीतही जाऊन आले. तिथे म्हणाले, रक्त जातंय का? नाही. दुखतंय का? नाही. मग ही इमर्जन्सी नाही, तुमच्या डॉक्टरला भेटा. ज्याला डॉक्टर नाही त्याला हे वाक्य ऐकवताना त्या माणसाच्या तोंडात च्युइंगगम होतं.

बाकीचे दिवस मी पायांखाली दोन उशा घेऊन पडून काढले. आमच्या वाळवंटी गावात ऑक्टोबर असूनही अंगणातल्या नळाचं पाणी चटका बसेल इतकं तापायचं. मी पाणी प्यायला उठले तरी पोटाखाली हात धरून उठायचे. चौदा गेले, पंधरा गेले, सोळा. आईला सांगलीला काही कळवलं नाही. ती विचारायची, डॉक्टर काय म्हणतात गं? मी म्हणायचे, छान आहे सगळं. खोटं बोलायची मला इतकी सवय झाली की स्वतःचीच शिसारी यायची.

ते क्लिनिक टायरच्या दुकानाच्या आणि कपडे धुण्याच्या मशीनवाल्या दुकानाच्या मधोमध होतं. आत रबराचा नि साबणाचा एकत्र वास. खुर्च्यांवर सगळ्या स्पॅनिश बोलणाऱ्या बायका, कडेवर एक, पोटात एक. मला आत बोलावलं ती नर्स साठीची, मेक्सिकन, जाड भिंगांची, आमच्या सांगलीच्या सिव्हिलमधल्या मावशीसारखी ठेंगणी. तिने कॉम्प्युटरकडे बघितलंच नाही. खिशातून पुठ्ठ्याची एक गोल चकती काढली, कडेला तारखा छापलेली, वापरून झिजलेली. आणि मला पहिला प्रश्न विचारला, शेवटच्या पाळीची तारीख काय.

मी तारीख सांगितली. तिने चकती फिरवली. मग पडद्याकडे पाहिलं. परत फिरवली. म्हणाली, तुझे साडेसतरा आठवडे होतात, इथे बावीस कुणी लिहिले?

मी नवऱ्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा धुतल्या फडक्यासारखा पांढरा.

“यू सेड फोर,” तो म्हणाला. “तू चौथा म्हणालीस.”

“लागला म्हणाले. चौथा लागला!”

आता हे अमेरिकेत जन्मलेल्या माणसाला कसं समजावणार? आपल्याकडे तीन पूर्ण झाले की चौथा लागतो. लागतो म्हणजे सुरू होतो. कुठलीही मराठी बाई पोटुशी असली की असंच मोजते, आणि समोरची तितकंच समजते. पण हा मराठी शिकला तो रविवारच्या शाळेत आणि आजीच्या फोनवर. त्याला ‘लागलं’ म्हणजे पडल्यावर गुडघ्याला लागतं, तेवढंच ठाऊक. चौथा ऐकलं, फोर मंथ्स सांगितलं. फोनवरच्या बाईने चार महिने म्हणजे सतरा आठवडे धरले आणि मला पाच महिन्यांच्या स्कॅनच्या रांगेत टाकलं. टाक्याचं त्याने खरंच सांगितलं होतं. त्यावर ती म्हणाली होती, त्याची वेळ टळून गेली, सर. आणि हे त्याने मला सांगितलं नाही. मला धक्का बसेल म्हणून. महिनाभर तो ते एकटा पोटात घेऊन फिरला, आणि खरं तर वेळ टळली नव्हती, सहा दिवस शिल्लक होते.

नवऱ्याचा मला राग आला नाही असं नाही. आला, आणि तो कुठे ठेवू असं झालं. पण त्या मावशीने चकती टेबलावर आपटली आणि ती स्पॅनिशमध्ये काउंटरकडे तोंड करून जे बोलली, त्यातलं मला एक अक्षर कळलं नाही आणि सगळं कळलं. मी इतके फोन केले. एकाही बाईने मला पाळीची तारीख विचारली नव्हती. आडनावाचं स्पेलिंग पाच वेळा विचारलं, कामावर जातेस का विचारलं, सिगरेट ओढतेस का विचारलं. जी एक गोष्ट विचारायची ती राहिली.

स्कॅन झालं. पिशवीचं तोंड अर्ध्याहून जास्त आखूड झालं होतं, म्हणजे उघडायच्या बेतात. मावशीने फोन उचलला, मोठ्या हॉस्पिटलला लावला आणि पलीकडून हो येईपर्यंत खाली ठेवला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी टाका पडला. टाका घालणारा डॉक्टर भला होता. हातमोजे काढताना म्हणाला की महिनाभर आधी आला असता तर बरं झालं असतं. मग पुढे मी माझ्या फाइलची कॉपी मागवली. पहिल्याच पानावर होतं, ‘लेट टू केअर’. पेशंट उशिरा आली. मी उशिरा आले! काच, काका, हसरा चेहरा, च्युइंगगम, यातलं कुणी फाइलमध्ये नव्हतं. फाइलमध्ये फक्त मी होते, आळशी आणि अडाणी.

टाक्याने धरलं, पण पुरतं नाही. जानेवारीच्या शेवटी, सात आठवडे आधी, मुलगी झाली. चार पौंडांहून कमी. काचेच्या पेटीत, नाकात नळी, तळहात माझ्या नखाएवढा. नवऱ्याच्या कंपनीचा इन्शुरन्स त्याच महिन्यात सुरू झाला होता, आता अगदी हसत. ग्रीन कार्डही तेव्हाच आलं. मी पेटीशेजारी बसले होते आणि नवऱ्याने पाकीट आणून दिलं. आत पत्र होतं, त्यात माझं अभिनंदन केलेलं. मी ते पाकीट डायपरच्या पिशवीत कोंबलं आणि पेटीच्या भोकातून हात घालून तिच्या पायाला बोट लावलं. तिने पाय ओढून घेतला. जिवंत होती.

पाच आठवड्यांनी घरी आली. अजूनही डॉक्टर तिची दोन वयं सांगतात, एक खरं आणि एक दुरुस्त केलेलं. सात आठवडे वजा करून बघायचं की ती बसते का, रांगते का. चष्म्याशिवाय दिसत नाही तिला नीट. बारक्या फ्रेमचा चष्मा आहे, दोन्ही बाजूंना इलॅस्टिक, तो ती पन्नास वेळा ओढून काढते. लवकर जन्मलेल्या मुलांचं डोळ्यांचं असं होतं म्हणतात. त्या सहा दिवसांत टाका पडला असता तर? हे मी कुणाला विचारत नाही. रोज सकाळी चष्मा पुसते आणि तिला घालते.

परवा तिचा पहिला वाढदिवस झाला. आईला व्हिडिओ कॉल लावला. तिने सांगलीहून स्क्रीनलाच ओवाळलं, तिचं तबक हलत होतं, मुलगी चष्म्यातून निरांजनाकडे टक लावून बघत होती. आईच्या डोळ्यांत पाणी. म्हणाली, “झालं गं बाई एक! आता दुसरं लागलं माझ्या बाळाला.”

“आई, लागलं म्हणू नकोस,” मी म्हटलं. “एक झालं एवढंच म्हण.”

माझा आवाज चढला असावा. आईचं तबक थांबलं. ती म्हणाली, का गं, असंच म्हणतात की, वाईट काय त्यात? तिला बिचारीला काय माहीत. मी तिला कधी काही सांगितलंच नव्हतं. नवऱ्याने मुलीला कडेवर घेतलं, फोन आपल्याकडे वळवला आणि त्याच्या त्या अडखळत्या मराठीत, एकेक शब्द शोधत, माझ्याकडे मान वळवून म्हणाला, “आई, नका म्हणू. तिला ते लागतं.”

इतक्या वर्षांत त्याचं मराठी पहिल्यांदाच चुकलं नव्हतं.