पाण्यात गप्प राहिलेला गोळा

प्रयोगशाळेत मिस्त्रींचं काम एकच: लिंबाएवढे पोलादी गोळे घासून आरशासारखे करायचे. निम्म्या गोळ्यांवर तिथल्या संशोधक मॅडम एक लेप चढवत. त्यावर पाण्याचा थेंब टाकला की तो न पसरता घरंगळून जायचा.

“लेपाला हात लावू नका हं, मिस्त्री.”

“घासायचं आम्ही आणि हातही लावायचा नाही! बरं आहे,” मिस्त्री हसत.

एकदा मॅडमनी समजावलं. तापलेला गोळा पाण्यात पडला की त्याच्याभोवती वाफेचं पांघरूण बनतं. गोळा निवू लागला की ते फाटतं, पाणी अंगाला भिडतं आणि धाडकन उसळतं. लेपाला मात्र पाणी चिकटतच नाही. पांघरूण शेवटपर्यंत टिकतं, उकळी फुटतच नाही.

ऐकताना मिस्त्रींचं घासणं थांबलं. एकोणीस वर्षांपूर्वी ते आणि त्यांचे थोरले बंधू एकाच ओतशाळेत होते. एका सकाळी वितळलेलं लोखंड भट्टीखालच्या खड्ड्यात सांडलं. खड्ड्यात पाणी होतं. स्फोट झाला, दादाचे दोन्ही डोळे गेले. तेव्हापासून दोघे भाऊ दोन खोल्यांच्या घरात राहत. लग्नाचा विषय मिस्त्रींनी कधी निघूच दिला नाही. चहाचं आधण ठेवताना ते स्वयंपाकघराचं दार लोटून घेत, कारण पाणी उकळल्याचा आवाज आला की दादा भिंतीला पाठ लावून बसायचा.

मॅडमची परवानगी काढून एका दुपारी ते दादाला प्रयोगशाळेत घेऊन आले. आधी तापवलेला साधा गोळा पाण्यात टाकला. क्षणभर शांतता, मग पाणी कडाडून उसळलं. दादानं त्यांचं मनगट घट्ट धरलं. मग लेपाचा गोळा.

“टाकला का रे?” बऱ्याच वेळानं दादानं विचारलं.

“केव्हाच टाकला, दादा. निवलासुद्धा.”

दादा तोंड उघडं ठेवून ऐकत राहिला. मग म्हणाला, “बाई, आमच्या खड्ड्यात हे चाललं असतं?”

मॅडम म्हणाल्या, “नाही हो. वितळलेल्या लोखंडापुढे हा लेप जळून जाईल.”

“खरं बोललात, बरं केलंत.”

मॅडम बाहेर गेल्या. मिस्त्रींनी स्टूल दादाजवळ ओढलं. “दादा, त्या सकाळी जमीन मी धुतली होती. खड्ड्यातलं पाणी उपसायचं राहिलं. माझ्याकडून राहिलं.”

“माहीत आहे. पाइप तुझ्याच हातात होता ना.”

“मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?”

दादानं चाचपडत त्यांचा खांदा शोधला. “बोललो असतो, तर माझ्यापुढे उभं राहवलं असतं तुला? तू निघून गेला असतास. मग माझं कोण होतं रे?”

मिस्त्रींना हुंदका आवरेना. आपण पाप फेडतोय म्हणून ते राहिले होते, आणि दादा त्यांना गमवायच्या भीतीनं गप्प होता. एका छपराखाली दोघे एकोणीस वर्षं एकेकटे राहिले होते.

यानंतर मोकळेपणानं बोलायला त्यांना जेमतेम आठ महिने मिळाले. छातीच्या दुखण्यानं दादा गेला. तेराव्याच्या दुसऱ्याच दिवशी मिस्त्री कामावर आले. मॅडम म्हणाल्या, “अजून थोडे दिवस घरी थांबायचं होतं.”

“घरी कोणासाठी थांबू, मॅडम?” म्हणत त्यांनी पॉलिश पेपर हातात घेतला.